पियानो शिकायचा, ट्रॅकही बनवायचे : मग घ्यायचं काय?

‘पियानो शिकायचाय, आणि जमलं तर इलेक्ट्रॉनिक म्युझिकही करायचंय. काय घेऊ?’ असं विचारत वाद्यांच्या दुकानात शिरलेल्या माणसापुढे बहुधा एकच वस्तू येते. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, शेकड्यांनी आवाज, शेकड्यांनी ऱ्हिदम. पियानो त्यात आहे, तबला आहे, बासरी आहे, कुत्र्याचं भुंकणंही आहे. पहिले चार दिवस घरातले सगळे येऊन एकेक बटण दाबून बघतात. पुढे पियानोचे धडे सुरू केले की बोटांना काही हाती लागत नाही, आणि ट्रॅक बनवायला बसलं की त्यातले आवाज जुनाट वाटतात. कीबोर्ड बिचारा वाईट नसतो. तो या दोन्ही कामांसाठी केलेला नसतो, एवढंच.

मुळात त्या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. पियानो ही हाताची तालीम आहे. दहा बोटांपैकी कोणत्या बोटाने केव्हा किती जोर लावायचा हे वर्षानुवर्षं शिकावं लागतं, आणि त्यासाठी पट्ट्या चांगल्या लागतात. इलेक्ट्रॉनिक संगीत बव्हंशी कानाचं आणि निवडीचं काम आहे. तिथे एका बोटाने वाजवणारेही उत्तम काम करून जातात, पण आपल्याला ऐकू येतंय ते खरं आहे की हेडफोनने फुगवलेलं, हे कळावं लागतं. म्हणून दोन्ही करायचं असेल तर पैसा बोटांखाली आणि कानांवर खर्च करा. मधलं सगळं, म्हणजे सॉफ्टवेअर, आवाजांचे संच, शिकवणारी अ‍ॅप, आज फुकटात किंवा थोडक्या पैशांत इतकं चांगलं मिळतं की पहिल्या वर्षात त्यावर मोठी रक्कम घालवायचं काही कारण नाही.

बोटांखाली

फ्लॉरेन्समध्ये १७०० च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने पियानो घडवला. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाई, आणि पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच येई. क्रिस्तोफोरीने छेडण्याऐवजी हातोडी आणली. बोट जितक्या वेगाने खाली जातं तितक्या वेगाने हातोडी तारेवर आपटते, आणि आवाजाचा लहानमोठेपणा बोटाच्या ताब्यात येतो. डिजिटल पियानोत तारा नसतात, पण प्रत्येक पट्टीमागे हातोडीचं काम करणारं वजन असतं. त्याला ‘हॅमर अ‍ॅक्शन’ म्हणतात. खोक्यावर हे दोन शब्द आणि ८८ हा आकडा असेल, तरच ती वस्तू पियानो शिकण्यासाठी घ्यावी. ‘सेमी-वेटेड’ हा शब्द फसवा आहे. तिथे बहुतेक वेळा साधी स्प्रिंगच असते, थोडी कडक केलेली. ‘टच सेन्सिटिव्ह’ म्हणजे तर फक्त जोर ओळखला जातो, पट्टीला वजन असेलच असं नाही.

आपल्याकडे अनेकांची सुरुवात पेटीवर झालेली असते, आणि इथे एक हिशेब हमखास चुकतो. ‘मला पेटी येते, मग साधा कीबोर्ड पुरेल.’ पेटीत आवाजाचा चढउतार भात्यातून येतो, पट्टी फक्त हवेची वाट मोकळी करते. पेटी येणाऱ्याचा उजवा हात पियानोवर पहिल्या दिवसापासून बिनचूक फिरतो, कोमल गंधार कुठे आहे हे त्याला विचारावं लागत नाही. पण बोटांना वजनाची सवय नसते, आणि डावा हात आयुष्यभर भाता मारत आलेला असतो. त्यामुळे वजनदार पट्ट्यांची गरज पेटीवाल्याला नवशिक्यापेक्षाही जास्त आहे. आणखी एक सांगून ठेवतो. अशा माणसाने पहिले काही महिने रोज दहा मिनिटं फक्त डाव्या हाताला द्यावीत. उजवा हात इतका पुढे असतो की डाव्याला घेऊन वाजवायचा कंटाळा येतो, आणि बहुतेकजण पियानो सोडतात ते याच टप्प्यावर.

बाजारात सध्या नवशिक्यांसाठीचे ८८ पट्ट्यांचे डिजिटल पियानो साधारण ४० ते ६० हजारांच्या घरात मिळतात. यामाहाचा पी-१४५, कॅसिओचा सीडीपी-एस११०, रोलँडचा एफपी-१० आणि कोर्गचा बी२ ही त्यातली नेहमीची नावं. यातल्या कुठल्याही एकावर पहिली तीन-चार वर्षं सहज निघतात. मला विचाराल तर बोटांना सगळ्यात समाधान रोलँडच्या पट्ट्या देतात, त्या जरा जड आहेत आणि खऱ्या पियानोच्या जवळ जातात. कॅसिओ सगळ्यात सडपातळ आणि हलका, शिवाय पेन्सिल सेलवर चालतो. जिथे वीज रोज दोन तास जाते तिथे हा गुण बाकी सगळ्या गुणांवर मात करतो. यामाहाचा जुना पी-४५ सेकंड हँडमध्ये शोधायला सोपा. पण ही झाली माझी आवड. चारही वाजवून बघा, आणि वाजवताना दुकानदाराला आवाज बंद करायला सांगा. फक्त पट्ट्यांचा स्पर्श कळू द्या. आवाज पुढे कॉम्प्युटरमधून हवा तो मिळेल, पट्ट्या मात्र बदलता येणार नाहीत.

किती आवाज आहेत, किती ऱ्हिदम आहेत, याकडे लक्ष देऊ नका. एका वेळी किती सूर वाजू शकतात याचा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो. ६४ असला तरी नवशिक्याला भरपूर झाला.

या वाद्यांची लांबी साधारण १३२ सेंटीमीटर, म्हणजे साडेचार फुटांना थोडी कमी, आणि वजन १० ते १२ किलो. दोन खोल्यांच्या घरातही मावतात, पण ठेवायचं कुठे हे आधी ठरवा. रोज काढून जोडायचं वाद्य रोज वाजत नाही. इंग्रजी एक्ससारखं घडीचं स्टँड स्वस्त पडतं, पण त्याला गुडघे लागतात आणि जोरात वाजवलं की वाद्य झुलतं. टेबलासारखं चार पायांचं स्टँड घ्या. खुर्चीची उंची अशी हवी की खांदे सैल सोडल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल. जेवणाच्या टेबलाची खुर्ची बहुधा या मापात बसत नाही, खाली उशी घेतली तरी चालेल. वाद्याबरोबर येणारं चौकोनी प्लॅस्टिकचं पेडल फरशीवर सरकत जातं, म्हणून पियानोसारखं धातूचं पेडल वेगळं घ्या. ते वाद्य चालू करण्याआधी जोडायचं, कारण अनेक वाद्यं चालू होताना पेडलची दिशा ओळखतात. नाही तर पाय उचलल्यावर सूर लांबतो आणि दाबल्यावर तुटतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हेडफोन लावूनही पट्ट्यांचा ठकठक आवाज स्टँडमधून खालच्या घरात उतरतो. स्टँडच्या पायांखाली जाड रबराची चटई टाका. रात्री अकराला सराव करणाऱ्याला शेजारधर्म टिकवायला तेवढं पुरतं.

आता ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डला न्याय देऊ. भजनी मंडळात, सुगम संगीताच्या कार्यक्रमात किंवा ऑर्केस्ट्रात साथ करायची असेल तर तोच घ्यावा. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत आणि कॅसिओच्या भारतासाठी काढलेल्या मॉडेलांमध्ये तबला-ढोलकीचे ठेके, तानपुरा, आपले राग असं बरंच काही असतं. गायिका काळी पाचमध्ये गाते आणि तुमचा हात पांढरी एकवर बसलेला आहे, तर ट्रान्सपोजचं बटण वेळ निभावून नेतं. पियानो शिकणाऱ्याने मात्र त्या बटणाला हात लावू नये. बाराही सुरांवरून वाजवायची सवय होणं हाच अर्धा अभ्यास आहे. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांमध्ये पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत, तेव्हा मुलांना परीक्षांना बसवायचं असेल तर शिक्षक कोणत्या परीक्षेची तयारी करून घेतात ते विचारूनच वाद्य घ्या. उलटं करणारे पालक पुष्कळ दिसतात. ६१ घ्यायचाच असेल तर एक अट: टच रिस्पॉन्स हवाच. सगळ्यात स्वस्त मॉडेलांत तो नसतो. दुकानात एकच पट्टी हळू आणि मग जोरात दाबा, आवाजात फरक पडला नाही तर पुढे चला.

पियानो आणि कॉम्प्युटरमधली तार

१९८३ साली अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडले गेले, आणि एक वाजवला की दुसरा वाजू लागला. ही मिडीची सुरुवात. त्यामागचे दोघे, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी, यांना पुढे २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. या तारेतून आवाज जात नाही. जाते ती फक्त चिठ्ठी. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, केव्हा सोडली. जोराची नोंद ० ते १२७ या आकड्यांत होते. चिठ्ठी वाचून कोणता आवाज काढायचा हे पलीकडचं यंत्र ठरवतं. तुमच्या पियानोवर वाजवलेला सूर कॉम्प्युटरमध्ये सतार होऊ शकतो, बास होऊ शकतो, किंवा ड्रमचा ठोका.

खरेदीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ८८ पट्ट्यांचा पियानो घेतलात तर इलेक्ट्रॉनिक म्युझिकसाठी दुसरा कीबोर्ड घ्यायची गरज उरत नाही. वाद्याच्या मागे ‘यूएसबी टू होस्ट’ लिहिलेलं चौकोनी छिद्र आहे ना, एवढं बघा. ‘टू डिव्हाइस’ लिहिलेलं छिद्र वेगळं, ते पेन ड्राइव्हसाठी. तार बहुतेक वाद्यांबरोबर येत नाही, पण ती बहुधा प्रिंटरला लागते तीच असते. घरात जुना प्रिंटर असेल तर काम झालं. अँड्रॉइड फोनला जोडायचं तर सोबत एक ओटीजी अ‍ॅडॉप्टर.

पियानोत रसच नसेल, फक्त ट्रॅक बनवायचे असतील, तर ८८ पट्ट्यांचा विचार सोडून द्या आणि मिडी कंट्रोलर घ्या. त्याला स्वतःचा आवाज नसतो. अकाईचा एमपीके मिनी किंवा आर्टुरियाचा मिनीलॅब यांत २५ छोट्या पट्ट्या, ड्रम वाजवायला रबरी पॅड आणि फिरवायच्या कळा असतात. दोन सप्तकं म्हणजे दोन्ही हातांना जागा नाही, पण बास आणि धून टाकायला पुरतात, आणि लॅपटॉपच्या बॅगेत जातात. टेबलावर जागा असेल तर ४९ पट्ट्यांचा घ्यावा. एम-ऑडिओचा कीस्टेशन किंवा नोव्हेशनचा लाँचकी. छोट्या पट्ट्यांवर पियानो शिकायला मात्र बसू नका. पियानोचं सप्तक साधारण साडेसोळा सेंटीमीटरचं असतं, हाताला चुकीच्या मापाची सवय लागली की ती मोडायला वेळ जातो.

सॉफ्टवेअर

पियानो शिकवणारी अ‍ॅप सुरुवातीला मजा आणतात. सिम्पली पियानो, फ्लोकी ही तुमचं वाजवणं ऐकून बरोबर-चूक सांगतात. सिन्थेशियात रंगीत पट्ट्या वरून पडत येतात आणि खाली पोचल्या की दाबायच्या. पडत्या पट्ट्यांच्या मागे लागून चार गाणी बसतात, पण ती बंद केली की हाताला काहीच आठवत नाही, असा अनुभव बरेचजण सांगतात. शिवाय मनगट ताठ आहे की सैल, करंगळी आडवी पडतेय का, हे अ‍ॅपला दिसत नाही. दर आठवड्याला शिक्षक परवडत नसेल तर पंधरवड्याला जा, महिन्यातून एकदा जा, पण कोणीतरी तुमच्या हातांकडे बघायला हवं. मुंबई, पुणे, गोवा इथे पियानोचे शिक्षक शोधणं फारसं अवघड नाही. गोव्यात तर चर्चच्या शाळांमधून स्टाफ नोटेशन शिकवायची जुनी परंपरा आहे, आणि मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत कित्येक गोवेकर वादक त्याच शिदोरीवर उभे राहिले.

नोटेशनचा विषय निघालाच आहे, तर पाच रेघांचं स्टाफ नोटेशन पहिल्या आठवड्यापासून शिका. सारेगममध्ये सगळं लिहून घ्यायचा मोह होतो, आणि एका हाताच्या धुनेला ते चालतंही. पण भातखंडे लिपी एका सुरामागे एक सूर लिहायला केलेली आहे. दोन हात, एका वेळी चार-पाच सूर, हे तिच्यात मांडायला गेलं की कागद वाचता येत नाही. प्रौढांसाठी फेबर किंवा आल्फ्रेड यांची प्राथमिक पुस्तकं पुरेशी आहेत. स्वतः काही लिहून काढायचं तर म्यूझस्कोर फुकट आहे.

ट्रॅक बनवायच्या सॉफ्टवेअरला या क्षेत्रात ‘डॉ’ म्हणतात. कोणतं घ्यावं यावर तासन्‌तास वाद घालणारे लोक तुम्हाला भेटतील. मॅक, आयपॅड किंवा आयफोन असेल तर वाद संपला: गॅरेजबँड त्यात फुकट येतं, आणि वर्षभर दुसऱ्या कशाची आठवण होऊ नये इतकं ते चांगलं आहे. विंडोजवर एफएल स्टुडिओ नवशिक्याला लवकर हाताशी येतं, ड्रमचे चौकोन भरत गेलं की पाच मिनिटांत ठेका सुरू होतो. बेल्जियमच्या या कंपनीची एक गोष्ट मला मनापासून आवडते: एकदा घेतलं की पुढची सगळी व्हर्जन आयुष्यभर फुकट. ट्रायलमध्ये सगळं वापरता येतं, काम सेव्हही होतं, पण सेव्ह केलेलं काम विकत घेतल्याशिवाय परत उघडत नाही. त्याची सगळ्यात स्वस्त, फ्रूटी नावाची आवृत्ती घेताना सावध राहा, तिच्यात माइकवरून गाणं रेकॉर्ड करून ट्रॅकमध्ये मांडता येत नाही. गायचं असेल तर त्याच्या वरची प्रोड्यूसर आवृत्ती लागते. एबलटन लाइव्ह छोटे छोटे तुकडे फिरवत ठेवून त्यांतून गाणं उभं करणाऱ्यांना आवडतं, आणि त्याची लाइट आवृत्ती अनेक कंट्रोलरबरोबर फुकट येते. कंट्रोलर घेताना हे विचारून घ्या. रीपर दिसायला रुक्ष आहे, पण जुन्या कॉम्प्युटरवरही पळतं, ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि व्यक्तिगत लायसन्स ६० डॉलरचं आहे. पैसेच नसतील तर विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर एलएमएमएस चालतं, आणि ब्राउझरमध्ये बँडलॅब.

यातलं कोणतंही एक निवडा आणि सहा महिने दुसऱ्याकडे बघू नका. ‘क्रॅक’ व्हर्जन पेन ड्राइव्हवर आणून देणारा मित्र प्रत्येकाला असतो. त्याला चहा पाजा आणि पेन ड्राइव्ह परत करा. त्या फायलींबरोबर काय काय आत येतं ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि इतकं चांगलं फुकट मिळत असताना ती जोखीम कशाला?

आवाजांसाठी पण तेच. व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन सिंथेसायझर फुकट आहेत, आणि त्यांतला एकही पूर्ण समजायला वर्ष लागेल. १९८० च्या दशकातल्या यामाहा डीएक्स७ चा टणटणीत आवाज हवा तर डेक्स्ड. व्हायोलिन, कोरस, मऊ पियानो यांसाठी स्पिटफायरचं लॅब्ज. पियानोच्या आवाजावर पुढे कधी खर्च करावासा वाटला तर पियानोटेक बघा. त्यात रेकॉर्डिंगचे मोठे साठे नाहीत, तारेचं आणि लाकडाचं वागणं गणिताने उभं केलेलं आहे, त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही ते हलकं चालतं.

सगळ्यांना पहिल्याच संध्याकाळी अडवणारी गोष्ट म्हणजे लेटन्सी. पट्टी दाबली आणि आवाज जरा मागाहून आला, असं झालं की वाजवणं अशक्य होतं. कॉम्प्युटर आवाजाचे नमुने गठ्ठ्याने पुढे पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने २५६ चा गठ्ठा जेमतेम ६ मिलिसेकंदांचा होतो, तो जाणवत नाही. १०२४ चा गठ्ठा २३ मिलिसेकंदांचा, तो बोटांना खटकू लागतो. विंडोजवर असिओ ड्रायव्हर वापरला तर गठ्ठा लहान ठेवता येतो. एफएल स्टुडिओत तो आयता येतो, बाकीच्यांसाठी असिओफोरऑल फुकट उतरवता येतो. आणि ब्लूटूथ हेडफोन वाजवताना अजिबात नको. त्यांचा उशीर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जातो, कॉम्प्युटर कितीही भारी असला तरी.

मर्यादा आणि मींड

हजारो फुकट आवाज समोर असणं हीच मोठी अडचण ठरते, म्हणून एक मुंबईची गोष्ट. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली. दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. हाताशी रोलँडची तीन यंत्रं: ठेक्याला टीआर-८०८, बासला टीबी-३०३, आणि रागाच्या धुनेला ज्युपिटर-८. तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. शिकागोमध्ये त्याच ३०३ च्या किंचाळत्या बासमधून अ‍ॅसिड हाऊस नावाचा प्रकार १९८७ मध्ये रेकॉर्डवर आला, आणि कितीतरी वर्षांनी लोकांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकून कान टवकारले. तुम्हीही पहिले काही महिने तीनच आवाज घ्या. एक ड्रम मशीन, एक बास, एक धून वाजवणारा सिंथ. चौथा आवाज घ्यायचा तर आधी या तिघांतून चार मिनिटांचा पूर्ण ट्रॅक संपवा. अर्धवट आठ मात्रांच्या तुकड्यांनी भरलेला फोल्डर हा या छंदातला सगळ्यात सामान्य आजार आहे.

राग घेऊन काम करणार असाल तर पट्ट्यांची जुनी अडचण तुमच्यापुढेही येईल. बारा ठरीव सुरांमध्ये मींड नाही, आंदोलित स्वर नाही. याच कारणांनी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. पियानोवर यावर उपाय नाही, पण सिंथवर आहे. कंट्रोलरच्या डाव्या बाजूला पिच बेंडचं चाक असतं. ते मुळात दोन अर्ध्या स्वरांएवढं, म्हणजे सा पासून शुद्ध रे पर्यंत सूर ओढतं. सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा सात किंवा बारा अर्ध्या स्वरांपर्यंत वाढवा आणि सा पासून पंचमापर्यंत हळू ओढून बघा. सिंथमधला ‘ग्लाइड’ चालू केला तर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. सर्ज एक्सटीमध्ये सुरांची अंतरंही स्वतः ठरवता येतात. डिजिटल पियानोला हे चाक बहुधा नसतं, म्हणून पियानो असूनही छोटा कंट्रोलर घ्यायचं हे एक योग्य कारण ठरतं.

कानांवर

हेडफोन तारेचा, कान पूर्ण झाकणारा घ्या. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स सुरुवातीला पुरतो, थोडं जास्त खर्चायचं तर एम४०एक्स किंवा सोनीचा एमडीआर-७५०६. बास वाढवून सांगणारे, झगमगीत हेडफोन यासाठी निरुपयोगी; त्यावर केलेला ट्रॅक दुसरीकडे पोकळ ऐकू येतो. मोठ्या जॅकचा छोटा अ‍ॅडॉप्टर सोबत येतो की नाही ते बघा, डिजिटल पियानोला तो पुष्कळदा लागतो. स्टुडिओ स्पीकर इतक्यात नकोत. भिंतीला टेकवून ठेवलेले स्पीकर बासबद्दल खोटं सांगतात, आणि आपल्या घरांत ते भिंतीलाच टेकवावे लागतात. ऑडिओ इंटरफेस, ज्याला बाजारात साउंड कार्ड म्हणतात, तो माइक किंवा गिटार जोडायची असेल तेव्हा घ्या. तोवर लॅपटॉपचा जॅक चालेल. लॅपटॉपला ८ जीबी रॅम किमान, १६ असेल तर निवांत, आणि एसएसडी असावी.

घेताना

सेकंड हँड पियानो चांगला मिळतो, अनेकजण दोन महिन्यांत सोडून देतात. तपासताना सगळ्या ८८ पट्ट्या एकेक करून आधी अगदी हळू, मग मध्यम, मग जोरात वाजवा. एखादी हळू दाबल्यावर गप्प राहते किंवा एकदम ओरडते, तर आतला रबरी कॉन्टॅक्ट गेलेला असतो. दुरुस्त होतो, पण किंमत त्या प्रमाणात उतरवा. यूएसबी जोडून बघा, पेडल जोडून बघा, हेडफोनचा जॅक हलवून बघा. अ‍ॅडॉप्टर मूळचा आहे का ते विचारा. बाजारातला दुसरा लावायचा झाला तर व्होल्ट जुळून भागत नाही, मधल्या टोकाला अधिक आहे की उणे हेही वाद्यावरच्या खुणेशी जुळायला हवं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा या वाद्यांना सोसत नाही. रोज वाजवलेलं वाद्य बरं राहतं. झाकून ठेवायचं तर जाड कापड टाका, प्लॅस्टिक नको, त्याखाली ओल धरते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. आणि खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या. सर्व्हिस सेंटरला पाठवायची वेळ आली तर साडेचार फुटांचं वाद्य दुसऱ्या कशात मावत नाही.